उंबऱ्यावरची पट्टेरी शिडं

इकडेतिकडे काय बघताय? मान वर करा. अजून वर. त्या पाण्याच्या टाकीच्या मागे, डोंगराच्या अगदी माथ्यावर जी काळी भिंत दिसते ना, तोच मी. मी या शहराचा किल्ला बोलतोय. फारसं बोलायची मला सवय नाही, मला गप्प उभं राहायलाच बांधलं होतं. पण आपण गप्प बसलो की लोक आपल्याबद्दल वाटेल ते बोलायला लागतात, हा माझा आजवरचा अनुभव. तेव्हा माझी हकिगत माझ्याच तोंडून ऐका.

माझा जन्म भीतीतून झाला. खालचं बंदर तेव्हा नुकतंच भरभराटीला आलं होतं. धक्क्यावर गलबतं मावत नव्हती, गोदामांना कुलपं लावायला सवड नव्हती, आणि हे सगळं समुद्रापलीकडच्या लोकांच्या डोळ्यांवर आलं होतं. मग शहरातल्या शहाण्या माणसांनी डोकं चालवलं आणि डोंगरावर किल्ला बांधायचं ठरवलं. दगड डोंगराचाच. त्याचंच डोकं फोडून त्याचीच टोपी त्याला घातली म्हणा ना! वाळू, चुना आणि पाणी मात्र खालून वर आणायचं. ज्यांनी ते वाहिलं त्यांनी मला दिलेल्या शिव्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. पण थोरला गवंडी पक्का हट्टी होता. दोन दगडांच्या सांध्यात सुरीचं पातं शिरलं, की तो अख्खा थर उतरवायला लावायचा. त्याच्या त्या हट्टापायी मी आज उभा आहे, आणि चांगला ताठ उभा आहे.

दिसायला मी देखणा. हे मी म्हणत नाही, खलाशी म्हणतात. दूरच्या सफरीहून परत येताना त्यांना आधी मी दिसतो, मग डोंगर आणि मग शहर. मी दिसलो की ते हातातलं काम टाकून ‘आलं बाबा घर’ म्हणतात. समुद्राकडच्या बुरुजांवर तोफा चढवल्या, तेव्हा तर माझा रुबाब काही विचारू नका.

आता माझी एक उणीवही सांगून टाकतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इतक्या उंचावर बसलेल्या तोफांना नाक फार खाली करता येत नाही. बंदराच्या तोंडाशी पाण्यात एक लांबट खडक आहे, त्याला शहरातले लोक उंबरा म्हणतात. उंबऱ्याच्या पलीकडे जे काही तरंगतं ते माझ्या टप्प्यात. एकदा का ते उंबरा ओलांडून आत आलं, की माझे गोळे त्याच्या डोक्यावरून जाऊन पलीकडे पडणार. त्यातून डोंगराचं पोट असं पुढे आलंय की बंदराचा धक्का मला दिसतच नाही. म्हणजे ज्याची राखण करायची, नेमकं तेच माझ्या नजरेआड. हसू नका, पोट सुटलेल्या माणसांनाही आपले पाय दिसत नाहीत.

म्हणून किल्लेदाराला एकच पक्का हुकूम होता. शत्रूचं शीड उंबऱ्याच्या आत येता कामा नये. आणि शत्रूचं शीड ओळखायला कुणा पंडिताची गरज नव्हती. पांढऱ्या कापडावर लाल पट्टे, वरपासून खालपर्यंत. तसलं शीड उंबऱ्याजवळ आलं की विचारपूस न करता तोफेला बत्ती द्यायची.

पण गंमत अशी, की वर्षानुवर्षं कुणी आलंच नाही. शिपाई माझ्या तटावर भोपळ्याचे वेल चढवायला लागले. तोफांवर ओले सदरे वाळत पडायला लागले. खालच्या लोकांनी तर मला नावच पाडलं, ‘जावई’. वर बसून खातो, काडीचं काम नाही, आणि मान मात्र पहिला द्यायचा. बाजारात महागाई झाली की म्हणायचे, जावयाला पोसायचंय ना! मला फार लागायचं ते. ज्याच्या नुसत्या दिसण्याने शत्रू फिरकत नाही त्याला रिकामटेकडा म्हणणं म्हणजे कमाल झाली.

आणखी एक रिवाज होता. किल्लेदार कायम बाहेरगावचा नेमायचा. शहरातल्या माणसाला ऐन वेळी आपली माणसं आठवतील आणि त्याचा हात कचरेल, अशी राजधानीतल्या वरच्यांची समजूत. पण एकदा युद्धाच्या बातम्या यायला लागल्या, आणि बाहेरगावच्या किल्लेदारसाहेबांनी नेमकं तेव्हाच दुखणं काढलं. त्यांच्या जागी यायला दुसरा कुणी तयार होईना. शेवटी त्यांच्या हाताखालच्या माणसालाच किल्लेदार केलं. तो होता शहरातलाच, शिडं शिवणाऱ्या म्हाताऱ्याचा थोरला मुलगा.

त्याला दमा होता. डोंगर चढून दरवाजाशी आला की आधी पायरीवर बसायचा आणि मग सलामी घ्यायचा. शिपायांनी त्याचं नाव ठेवलं धापसाहेब. त्याला ते माहीत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. माणूस शांत, मोजकं बोलणारा. फक्त थोरल्या गोलंदाजाशी त्याला ओरडून बोलावं लागे, कारण तोफांच्या सरावात गोलंदाजाचे कान गेले होते. त्यामुळे धापसाहेबाच्या घरातल्या सगळ्या गोष्टी गोलंदाजाबरोबर मलाही कळल्या, आणि अर्ध्या किल्ल्यालाही.

म्हातारा बाप मुलावर रुसला होता. पोराने सुई सोडून तोफ धरली, याचा त्याला राग. माझी शिडं माणसांना घरी आणतात, याची तोफ कुणाला घरी आणते, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा. मी त्या किल्ल्याची पायरी चढणार नाही, असंही सांगून बसला होता. बाकी त्याच्या हाताला तोड नव्हती. सगळे शीडवाले कापडाच्या पट्ट्या उभ्या जोडतात. हा एकटा आडव्या जोडायचा. म्हणायचा, उभं शीड फाटलं की वरून खालपर्यंत टरकन जातं. आडवं फाटलं तर एक पट्टी जाते, उरलेल्यावर माणूस घरी येतो. लहानपणी धापसाहेबाने एकदा चुकून पट्टी उभी लावली, तर म्हाताऱ्याने लाकडी पट्टीने त्याची बोटं सुजवली होती.

धाकट्या भावाने मात्र बापाची सुई धरली. पण त्याचंही मन दुकानात रमेना. तो मासेमारीच्या होड्यांबरोबर जायचा, आणि वाटेत कुणाचं शीड उसवलं की बसल्या जागी शिवून द्यायचा. बडबड्या, हसरा, आणि फुकटात मिळालेली वस्तू कधीही न सोडणारा. थोरल्याचा त्याच्यावर भारी जीव. होड्या परतायच्या वेळेला धापसाहेब काहीतरी कारण काढून समुद्राकडच्या बुरुजावर यायचा, हे मी कितीदा पाहिलंय.

त्या वर्षी धाकट्याला घेऊन होड्या गेल्या आणि मागोमाग वादळ उठलं. असं वादळ, की माझ्याही एका बुरुजाचा कठडा ढासळला. वादळ शमलं, पण होड्या येईनात. शहरातल्या निम्म्या घरांमधलं कुणी ना कुणी त्या होड्यांवर होतं. त्यात सांडणीस्वारांनी बातमी आणली की शत्रूचं आरमार निघालंय आणि कुठल्याही दिवशी इकडे पोचेल. धापसाहेबाने वेल काढून टाकले, सदरे काढायला लावले, तोफा ठासून ठेवल्या. रात्रंदिवस बुरुजावर राहायला लागला.  

आणि मग एका सकाळी समुद्रावरचं धुकं हळूहळू उठलं आणि टेहळणीवाला ओरडला. उंबऱ्याच्या रोखाने शिडं येत होती. एक नाही, दोन नाही, अख्खा ताफा. आणि प्रत्येक शिडावर लाल पट्टे.

खरं सांगतो, माझी छाती फुलली. इतकी वर्षं जावई म्हणून ऐकून घेतलं, आज दाखवतो, असं वाटलं. गोलंदाज हातात जळती बत्ती घेऊन पहिल्या तोफेशी उभा राहिला. बाकीचे आपापल्या जागी गेले. दारूच्या वासाने बुरूज भरून गेला. धापसाहेबाने दुर्बीण डोळ्याला लावली, आणि ती काही खाली घेईना.

ताफा जवळ येत होता. धुक्याचे पुंजके मधेमधे आड येत होते, त्यामुळे खालच्या होड्या दिसत नव्हत्या, नुसती शिडं दिसत होती. गोलंदाज म्हणाला, साहेब, आता टप्प्यात आहेत.  गोलंदाज पुन्हा म्हणाला, साहेब, उंबरा जवळ आला, आत शिरले की आपले हात तुटले. ते तर तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खाली सगळं शहर होतं, आणि त्याच्यासमोर आमच्याशिवाय कुणी उभं नव्हतं.

धापसाहेबाला धाप लागली होती, पण या वेळी ती दम्याची नव्हती. त्याने दुर्बीण गोलंदाजाच्या हातात दिली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“मला जे दिसतंय ते मला हवंय म्हणून दिसत असेल. तुम्ही बघा. पट्टे उभे आहेत की आडवे?”

“काय?”

“पट्टे! उभे की आडवे?”

गोलंदाजाने बघितलं. बराच वेळ बघितलं, आणि तेवढ्या वेळात शिडं उंबऱ्याला भिडली.

“आडवे,” तो म्हणाला. “पण त्याने काय होतंय? पट्टे लालच आहेत.”

त्याचं चुकलं नव्हतं. शत्रूनेही नवी शिडं शिवून घेतली असतील. वादळात डोलकाठ्या मोडून कापड आडवं बांधलं असेल. एवढ्याशा गोष्टीवर शहर पणाला लावायचं, हे कुठल्या शहाण्याला पटेल? मलाही पटलं नाही. माझ्या हातात असतं तर मी तेव्हाच बार उडवला असता, आणि आज हे तुम्हाला सांगायला मला तोंड राहिलं नसतं.

“बत्ती विझवा,” धापसाहेब म्हणाला.

गोलंदाजाने ऐकू न आल्याचं सोंग केलं. तेव्हा धापसाहेबाने स्वतःच त्याच्या हातातली बत्ती घेतली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली. पहिलं शीड उंबऱ्याच्या आत गेलं, मग दुसरं, मग सगळी गेली, आणि डोंगराच्या पोटाआड दिसेनाशी झाली.

त्यानंतरचा वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट. आम्हाला धक्का दिसत नव्हता. थोड्या वेळाने खालून आरडाओरडा ऐकू यायला लागला. शेकडो माणसांचा, बायकांचा, एकच कल्लोळ. आनंदाने ओरडताहेत की कापली जाताहेत, वरून काही म्हणता काही कळेना.  एका शिपायाने तर उघड म्हटलं की शहरातल्या माणसाला किल्लेदार केला तिथेच घात झाला. धापसाहेब ढासळलेल्या कठड्यावर हात टेकून उभा होता. मग एकदम वळला आणि दरवाजातून बाहेर पडून डोंगर उतरायला लागला. ज्याला चार पायऱ्यांत दम लागायचा, तो माणूस अक्षरशः धावत सुटला.

पहिल्या वळणापर्यंतची वाट मला दिसते. त्या वळणावर त्याला धाकटा भेटला. अंग मिठाने पांढरं, दाढी वाढलेली, आणि तोंडभर हसू. भावाला भेटायला तोही धावतच वर येत होता.

“दादा, आम्ही येत होतो तेव्हा तोफांपाशी एवढी माणसं कशाला उभी होती?”

धापसाहेबाने त्याच्या एक थोबाडीत दिली. मग त्याला छातीशी धरलं आणि लहान मुलासारखा रडला.

“कापड कुठून आणलंस, गाढवा?”

“फुकट मिळालं,” धाकटा गाल चोळत म्हणाला.

झालं होतं असं. वादळात सगळ्यांच्या शिडांच्या चिंध्या झाल्या. होड्या वाहत एका ओसाड बेटाला लागल्या. तिथेच शत्रूचं एक मोठं गलबत फुटून पडलेलं, माणूस नाही कुणी, पण शिडं शाबूत. जाड, नवंकोरं कापड. धाकट्याने ते फाडून सगळ्या होड्यांना पुरवलं, बापाने शिकवल्याप्रमाणे आडवं जोडायला लावलं, आणि मंडळी खुशीत घरी निघाली. शत्रूच्या पट्ट्यांनिशी, शत्रूची वाट बघत बसलेल्या बंदरात आपण शिरतोय, हे त्या एवढ्या बाप्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बोलणं झालं ते एवढंच, की कापड भारी आहे, धुतलं की लाल रंग जाईल का?

पुढे खरा शत्रू आला, थोड्याच दिवसांनी. पण तोवर परत आलेले ते सगळे मासेमार दगड, पाणी, दारूगोळा पाठीवर घेऊन वर आले होते. माझ्या तटावर इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. ढासळलेला कठडा त्यांनीच चिणला. शत्रूचं आरमार टप्प्याबाहेर उभं राहिलं, माझ्याकडे बघत राहिलं, आणि शेवटी आल्या वाटेने निघून गेलं. कुणी कुणावर गोळी झाडली नाही. त्या दिवसापासून मला जावई म्हणणं बंद झालं.

धापसाहेबाचं मात्र बरं झालं नाही. राजधानीतून एक वरिष्ठ चौकशीला आले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. त्यांनी विचारलं, ते खरंच शत्रू असते तर?

“तर शहर गेलं असतं,” धापसाहेब म्हणाला, “आणि माझ्यामुळे गेलं असतं.”

“हे तेव्हा माहीत होतं?”

“होतं.”

सारवासारव नाही, रडगाणं नाही.  वरिष्ठ म्हणाले, तुमचं नशीब बरं होतं, पण किल्ला नशिबावर चालवता येत नाही. आणि त्याला कामावरून काढलं.

तो निघायच्या दिवशी एक नवल झालं. म्हातारा बाप काठी टेकत वर आला. मुलाकडे त्याने आधी बघितलंच नाही. माझ्या भिंतीशी गेला, दगडांच्या सांध्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, शिवण बरी आहे. माझी आजवर पुष्कळांनी स्तुती केली, पण त्या तीन शब्दांची सर कशाला नाही. मग मुलाचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेत म्हणाला, चल घरी, वाऱ्याने तुझा दमा वाढतो. दोघं उतरत गेले, आणि वळणाआड दिसेनासे होईपर्यंत सगळे शिपाई सलामीत उभे होते. ती सलामी कुणी सांगितली नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगतो. शिडं गेली, वाफेची जहाजं आली, मग विमानं आली आणि माझ्या तोफांना कुणी विचारेना. काही वर्षं माझ्यात हवामानखात्याचं बिऱ्हाड होतं, मग कुणाचंच नव्हतं. भिंतीत पिंपळ घुसले. प्रेमात पडलेल्यांनी माझ्या अंगावर नावं कोरली. त्यातले काही लग्न करून मुलांना घेऊन येतात आणि ती नावं हळूच हाताने झाकतात. माझी तक्रार नाही. तट अजून कुठे कलला नाही आणि सांध्यात अजून पातं शिरत नाही.

पण सध्या इथे जे चाललंय त्यावर मी गप्प राहू शकत नाही. नगरपालिकेने ठरवलंय की रोज संध्याकाळी माझ्या अंगावर दिव्यांचा आणि आवाजाचा खेळ करायचा. करा, मला दिवे आवडतात. त्यासाठी एक लेखक गाठलाय. त्याने कुठेतरी लाल पट्ट्यांच्या शिडांची गोष्ट अर्धवट ऐकली, आणि मोठी धडाकेबाज लढाई लिहिली. पट्टेरी शिडं उंबऱ्याशी येतात, किल्लेदार गर्जना करतो, माझ्या तोफा धडधडतात आणि सगळा ताफा बुडतो. मग टाळ्या.

परवा या खेळाचं काम बघणाऱ्या पालिकेच्या बाई ते ऐकायला वर आल्या होत्या. बुरुजावर उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, आमच्या घरात वेगळं सांगतात. आमचे खापरपणजोबा अशाच एका होडीतून परत आले होते, तोफ उडाली नाही म्हणून वाचले. ते बुडाले असते तर आम्ही कुठून आलो असतो? लेखक हसून म्हणाला, बाई, न उडालेली तोफ बघायला तिकीट कोण काढेल?  हे पालिकेच्या पुढच्या सभेत ठेवू, असं बाई म्हणाल्या आणि कागद घेऊन खाली गेल्या.

त्या सभेला तुम्ही शहरातले लोक असणार. तेव्हा माझं एवढं सांगा. या किल्ल्याने एकही जहाज बुडवलं नाही, हे मोठ्या अक्षरात लिहा, मला त्याची लाज नाही, माझा सगळा ताठा त्यावरच आहे. खालच्या गल्ल्यांमधून आज जी पोरं शाळेत जाताहेत, त्यातली कितीतरी त्या होड्यांवरच्या माणसांची आहेत. त्यांनाच समोर बसवून, तिकीट काढायला लावून, रोज संध्याकाळी माझ्या हातून तो धाकटा बुडवू नका. धापसाहेबाने माझ्यावर असताना एकच मोठं काम केलं, जळती बत्ती पाण्यात बुडवली. खोट्या लढाईतसुद्धा ती पुन्हा पेटवू नका.